जुन्या जॉन्सन मोटरला करंट येत नाही? आधी सीबी पॉइंट काय करतो ते समजून घ्या

तारकर्ली-मालवणला स्कूबाला गेला असाल तर होडीच्या मागच्या फळीला अडकवलेलं ते यंत्र बघितलं असेल, वर डबा, मधे लांब पाय, खाली पाण्यात पंखा. तीच आउटबोर्ड मोटर. तिकडे आता बहुतेक यामाहा नाहीतर सुझुकी दिसतात. मी राहतो ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये, इथे १५ हजारांहून जास्त तळी आहेत, त्यामुळे जुन्या घरांच्या गराजमध्ये कोपऱ्यात एखादी ६०-६५ वर्षांची जॉन्सन किंवा एव्हिनरूड उभी असतेच. आजोबांची असते, चालवत कोणी नाही आणि टाकवतही नाही. मग कधीतरी गराज सेलमध्ये ती किरकोळ किमतीला निघते आणि विकणारा माणूस छातीठोकपणे सांगतो की शेवटी लावली तेव्हा मस्त चालत होती. शेवटी म्हणजे कधी, हे विचारायचं नाही.

अशा बऱ्याच मोटरींचं दुखणं एकच निघतं, प्लगला करंट येत नाही. आणि इग्निशन म्हटलं की भलेभले हात वर करतात, कारण कार्ब्युरेटरमधला कचरा डोळ्याला दिसतो, करंट दिसत नाही. पण तुमच्या घरी कधी लुना, राजदूत किंवा जुनी चेतक असेल तर ही सिस्टीम तुमच्या ओळखीची आहे. गॅरेजवाला बाजूचं झाकण काढून, पॉलिश पेपरचा तुकडा दुमडून आत काहीतरी घासायचा, फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पाती, घालून बघायचा आणि म्हणायचा, "सीबी पॉइंट खराब झालेत." सीबी म्हणजे कॉन्टॅक्ट ब्रेकर, करंट जोडणारे आणि तोडणारे धातूचे दोन तुकडे. तेच हे पॉइंट. फक्त इथे त्यांच्या दोन जोड्या असतात, कारण सिलिंडर दोन.

थोडा इतिहास, कारण सुटे भाग का मिळतात ते त्याच्यात आहे. ओले एव्हिनरूड हा नॉर्वेत जन्मलेला माणूस मिलवॉकीला राहायचा, त्याने १९०९ मध्ये आउटबोर्ड मोटरी विकायला सुरुवात केली. होणाऱ्या बायकोसाठी तो वल्हं मारत तळ्यापलीकडून आइस्क्रीम घेऊन आला आणि पोचेपर्यंत ते वितळलं, म्हणून त्याला मोटरची कल्पना सुचली अशी गोष्ट इथे सगळे सांगतात, आइस्क्रीमचं खरंखोटं देव जाणे. जॉन्सन ही खरं तर त्याची स्पर्धक कंपनी, पण १९३० च्या दशकात दोन्ही एकाच मालकीखाली आल्या आणि पुढे त्या छत्राला आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन, थोडक्यात ओएमसी म्हणायला लागले. नाव वेगळं, रंग वेगळा, आत मशीन तेच. ओएमसीचं दिवाळं २००० च्या डिसेंबरमध्ये वाजलं, ब्रँड बॉम्बार्डियर कंपनीकडे गेले आणि २०२० मध्ये एव्हिनरूड मोटरी बनणं पण बंद झालं. तरी १९५५ च्या मोटरची कॉइल आजही नवी कोरी मिळते. याचं कारण असं की १९५० च्या दशकापासून पार सत्तरच्या दशकापर्यंत या कंपनीने ३ हॉर्सपॉवरपासून १८ हॉर्सपॉवरपर्यंतच्या कित्येक दोन सिलिंडरच्या मोटरींमध्ये जवळपास एकच मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगीचा करंट तयार करणारी यंत्रणा, वापरला, त्याला लोक युनिव्हर्सल मॅग्नेटोच म्हणतात. मोटरी लाखोंनी खपल्या, त्यामुळे त्याच कॉइलला अजून गिऱ्हाईक आहे आणि दुसऱ्या कंपन्या ती आजही बनवतात. जॉन्सनची ५.५ हॉर्सपॉवरची सीहॉर्स किंवा १० हॉर्सपॉवरची क्यूडी हातात आली तर बिनधास्त घ्या, पुढचं सगळं त्यांच्यासाठीच लिहितोय.

आता करंट येतो कुठून. या मोटरीत बॅटरी नाही. वर जे जड चाक आहे, फ्लायव्हील, ज्याला आपल्याकडचे मेकॅनिक मॅग्नेट म्हणतात, त्याच्या आतल्या कडेला लोहचुंबक बसवलेला असतो. खाली एका ॲल्युमिनियमच्या ताटलीवर दोन कॉइल असतात. प्रत्येक कॉइलमध्ये लोखंडी पत्र्यांच्या गठ्ठ्यावर दोन वेटोळी गुंडाळलेली असतात, एक जाड तारेचं, कमी वेढ्यांचं, ती प्रायमरी, आणि दुसरं केसासारख्या बारीक तारेचं, हजारो वेढ्यांचं, ती सेकंडरी. दोरी ओढली की चुंबक कॉइलवरून जातो आणि प्रायमरीत करंट वाहायला लागतो. पण हा करंट अगदीच मामुली व्होल्टचा असतो, त्याने प्लगच्या फटीतून ठिणगी काय, साधा बल्बही धड पेटायचा नाही.

मग ठिणगी येते कशी? इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. लोकांना वाटतं पॉइंट जुळले की ठिणगी पडते, घरातलं बटण चालू केल्यासारखी. उलटं आहे. पॉइंट जुळलेले असताना प्रायमरीत करंट नुसता फिरत राहतो, ठिणगी पडते ती पॉइंट उघडतात त्या क्षणी. वरच्या टाकीचा नळ पूर्ण सोडून झटकन बंद केलात तर पाइप कसा धाडकन वाजतो बघा, वाहतं पाणी एकदम अडवलं की त्याचा जोर पाइपवर आदळतो. कॉइलचंही तसंच आहे. वाहता करंट एकदम तुटला की कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं, प्रायमरीत काहीशे व्होल्टचा झटका बसतो आणि सेकंडरीत वेढे कितीतरी पट जास्त असल्यामुळे तिथे तोच झटका दहा-पंधरा हजार व्होल्टच्या पुढे जातो. तो प्लगची फट ओलांडतो. झाली ठिणगी.

म्हणजे सगळा खेळ तोडण्याचा आहे. करंट किती झटकन तुटतो आणि नेमका केव्हा तुटतो, एवढ्या दोन गोष्टींवर मोटर सुरू होणार की नाही ते ठरतं. इग्निशनच्या दुरुस्तीत आपण जे जे करतो ते या दोनपैकी एका गोष्टीसाठी असतं. हे एकदा डोक्यात बसलं की मॅन्युअल पाठ करावं लागत नाही.

कंडेन्सरचं काम पण यातूनच कळतं. पॉइंट उघडायला लागले की त्यांच्यात सुरुवातीला अगदी केसाएवढी फट असते, आणि वाहता करंट असा सहजासहजी थांबत नाही, तो ती फट उडी मारून पार करायला बघतो. तसं झालं तर पॉइंटवरच ठिणगी पडते, तुटणं झटकन न होता रेंगाळत होतं आणि प्लगपर्यंत काही उरत नाही. कंडेन्सर पॉइंटच्या बाजूला जोडलेला असतो, तो त्या क्षणापुरता करंट स्वतःत घेतो, तेवढ्यात पॉइंट पुरेसे लांब जातात आणि करंट स्वच्छ तुटतो. ४,००० आरपीएमला प्रत्येक पॉइंट मिनिटाला ४,००० वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला साधारण ६७ वेळा. कंडेन्सर गेलेला असेल तर पॉइंट किती लवकर जळतील हिशोब करा. पॉइंट काळे पडलेत किंवा एकावर खड्डा आणि समोरच्यावर टेकडी तयार झालीये असं दिसलं तर नुसते पॉइंट बदलून उपयोग नाही, आधी कंडेन्सरकडे बघा.

आता दुरुस्ती. पहिलं काम, चाक काढायचं नाही. बरेच जण उत्साहात थेट पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचं अवजार, लावतात आणि मग कळतं की प्लगच मेला होता. दोन्ही प्लग काढा आणि सिलिंडरमध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने तयार होणारा दाब, आहे का बघा. गेज असेल तर दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ हवेत, नसेल तर भोकावर अंगठा दाबून दोरी ओढा, अंगठा उडवला पाहिजे. कॉम्प्रेशनच नसेल तर इग्निशनवर पैसे घालण्यात अर्थ नाही. मग स्पार्क टेस्टर. बाजारात मिळतो, नाहीतर लाकडाच्या फळीत दोन खिळे ठोकून त्यांच्या टोकांमध्ये साधारण ६ मिमीची फट ठेवा, एका खिळ्याला प्लगची वायर, दुसऱ्या खिळ्याला मोटरच्या उघड्या धातूवर अर्थ. टेस्टर प्लगच्या भोकांपासून लांब ठेवायचा, कारण दोरी ओढली की भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि समोर ठिणगी, पुढचं सांगायला नको. तपासत नसाल ती दुसरी वायर पण अर्थ करून ठेवा. वायर मोकळी लोंबत ठेवून दोरी ओढली तर त्या हजारो व्होल्टला जायला जागा मिळत नाही आणि ते कॉइलच्याच आतलं इन्सुलेशन फोडून जातात, चांगली कॉइल अशी हकनाक जाते.

निळी, जाड, कट् कट् आवाज करणारी ठिणगी ६ मिमी ओलांडत असेल तर इग्निशनला हात लावू नका, दुखणं दुसरीकडे आहे. पिवळट-केशरी आणि बारीक असेल तर अशक्त आहे, प्लग बाहेर काढून बॉडीला टेकवला तर ती दिसेलही, पण सिलिंडरमधल्या दाबाखाली विझेल. म्हणून प्लग टेकवून बघायची आपली जुनी पद्धत मला तितकीशी पटत नाही, प्लगची फट पाऊण मिलिमीटरची, ती अर्धमेली कॉइल पण ओलांडते.

या मॅग्नेटोची एक गोष्ट मला फार आवडते. दोन्ही सिलिंडरची सिस्टीम पूर्ण वेगळी असते. कॉइल वेगळी, पॉइंट वेगळे, कंडेन्सर वेगळा, समाईक आहे ते फक्त वरचं चाक आणि मधला कॅम, म्हणजे फिरताना पॉइंट उघडणारा फुगवट्याचा तुकडा. त्यामुळे एका बाजूला करंट आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर तुमच्याकडे तुलना करायला चालू नमुना तिथेच आहे. डाव्याचा कंडेन्सर उजवीकडे लावा, दुखणं त्याच्याबरोबर गेलं तर चोर सापडला. दोन्ही बाजू एकदम मेल्या असतील तर दोन कॉइल एकाच दिवशी जाण्यापेक्षा वर्षानुवर्षं उभ्या मोटरीच्या पॉइंटवर गंज-काजळीचा थर बसला असण्याची शक्यता कितीतरी जास्त. एक अपवाद आहे. ५० च्या दशकातल्या बऱ्याच छोट्या मोटरींना बंद करायचं बटणच नसतं, ॲक्सिलरेटर पार मागे नेला की ती आपोआप मरते, पण नंतरच्या काही मॉडेलना स्टॉप बटण किंवा चावी आहे आणि ते बटण करंटला अर्थ करूनच मोटर बंद करतं. ते आतून शॉर्ट झालेलं असेल तर दोन्ही बाजू मेलेल्या दिसतात. त्याची वायर सुटी करून एकदा बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

एवढं करून चाक काढायची वेळ आलीच, तर आधी वरचा दोरीचा स्टार्टर अख्खाच्या अख्खा सोडवून बाजूला ठेवा, त्याच्या आतली स्प्रिंग मोकळी करायच्या भानगडीत पडू नका. चाक पट्ट्याच्या पान्याने धरा आणि मधला नट ढिला करा, पण पूर्ण काढू नका, क्रँकच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या दांड्याच्या, टोकाशी बरोबर येईल इतपतच वर आणा, म्हणजे पुलरच्या दाबाने आटे मार खाणार नाहीत. पुलर कोणता, हे महत्त्वाचं. चाकात मधे तीन आटे पाडलेली भोकं असतात, त्यात बोल्ट लावून ओढणारा पुलर पाहिजे. पंजावाला पुलर कडेला अडकवून ओढला तर चाक वाकतं, चुंबक सुटतो, आणि ती मोटर मग खरोखरच आजोबांची आठवण म्हणूनच ठेवायची. मधला बोल्ट ताणून घट्ट करा आणि त्याच्या डोक्यावर हातोडीचा एकच नेटका ठोका द्या. चाक टेपरवर, म्हणजे क्रँकच्या निमुळत्या भागावर, बसलेलं असतं, टक् करून सुटतं. सुटलं की खाली क्रँकच्या खाचेतली छोटीशी चावी (मोटर चालू-बंद करायची नव्हे, धातूचा एक तुकडा) पडली का ते लगेच बघा, ती चुंबकाला चिकटून गायब होते आणि माणूस तासभर गराजची फरशी झाडत बसतो.

ही चावी क्षुल्लक वाटते, पण चाक क्रँकवर नेमक्या कोनात बसवायचं काम तिचं. नट ढिला राहिलेल्या मोटरीत ती अर्धवट कातरली जाते, चाक थोडं सरकतं, आणि मग करंट असतो पण अवेळी. ठिणगी झकास आणि मोटर नुसती फटाके फोडते, असं असेल तर पहिला संशय इथे.

आता आत काय दिसतंय. कॉइलकडे टॉर्च मारा. या मोटरींच्या मूळ कॉइलचं प्लास्टिकचं कवच काळानुसार तडकतं, कधी केसासारख्या भेगा, कधी पार उकललेल्या लाह्या. भेगेतून दमट हवा आत जाते आणि करंट प्लगपर्यंत जायच्या ऐवजी तिथल्या तिथेच लोखंडी गाभ्यात उतरतो. तडा दिसला की मीटर लावत बसू नका, बदला. आणि एक बदलताय तर दोन्ही बदला, दुसरी पण त्याच वयाची आहे. मीटरवर प्रायमरी साधारण एक ओहमच्या आसपास आणि सेकंडरी काही हजार ओहम दाखवते, पण मीटर नऊ व्होल्टवर बघतो आणि कॉइल काम करते दहा-पंधरा हजारांवर, त्यामुळे मीटरने नापास केलेली कॉइल नक्की खराब, पास केलेली चांगली असेलच असं नाही. कंडेन्सरचंही तेच, मीटरवर ०.१८ ते ०.२२ मायक्रोफॅरडच्या मधे दिसला तरी जास्त व्होल्टला त्याच्यातून करंट गळू शकतो.

पॉइंट मीटरने बघताना एक गंमत होते. प्रोब लावला, पॉइंट उघडले, मीटर बीप करतोय, बंद केले, तरीही बीप. लोक म्हणतात पॉइंट शॉर्ट आहेत आणि नवे मागवतात. शॉर्ट वगैरे काही नसतं, पॉइंटला जोडलेली प्रायमरी एक ओहमची आणि तिचं दुसरं टोक अर्थ, मीटरला तो रस्ता कायमच मोकळा दिसणार. पॉइंटवरची वायर आधी सुटी करा, मगच बघा. बंद असताना जवळजवळ शून्य ओहम हवेत. १०-२० ओहम जरी दाखवले तरी तो थर घालवायलाच हवा, कारण प्रायमरीतला करंट मुळात कमी व्होल्टचा, त्याला एवढा अडथळाही भारी पडतो.

साफ कसे करायचे? थोडे काळवंडले असतील तर ४०० नंबरचा पॉलिश पेपर दुमडून दोन्ही बाजूंना एकदमच लागेल असा फिरवा, मग ॲसिटोनमध्ये भिजवलेला जाड कागद, जुनं व्हिजिटिंग कार्ड वगैरे, पॉइंटमध्ये धरून ओढा. कागदावर काळी रेघ उमटते, रेघ उमटायची थांबेपर्यंत ओढत राहा. खोल खड्डा असेल तर घासत बसू नका, बदला. आणि नवे पॉइंट पण पाकिटातून काढून तसेच लावायचे नाहीत, गंजू नये म्हणून त्यांच्यावर पातळ थर दिलेला असतो, तो डोळ्याला दिसत नाही पण करंटला दिसतो. फिलर गेजची पाती पण तेलकट असतात, गॅप सेट करताना तेच तेल पॉइंटवर जातं आणि मग नवे पॉइंट, नवी कॉइल, नवा कंडेन्सर घालूनही करंट नाही म्हणून माणूस डोक्याला हात लावतो. गॅप सेट झाल्यावर ॲसिटोनवाला कागद शेवटचा एकदा ओढायचाच.

गॅपचा आकडा ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. हा आकडा का पाळायचा ते बघा. कॅमच्या फुगवट्याने पॉइंटचा ठोकळा ढकलला जातो आणि पॉइंट उघडतो. गॅप जास्त ठेवली तर पॉइंट वेळेच्या आधी उघडतो आणि बंद पण कमी वेळ राहतो, गॅप कमी ठेवली तर उशिरा उघडतो आणि फट पुरेशी रुंदावत नसल्यामुळे करंट पॉइंटवरच उडतो. म्हणजे गॅप सेट करणं आणि टायमिंग सेट करणं ही या मोटरीत एकच गोष्ट आहे, वेगळं टायमिंग असं नाहीच. दोन पॉइंटच्या गॅप वेगवेगळ्या राहिल्या तर दोन सिलिंडरचं टायमिंग एकसारखं राहत नाही आणि मोटर कमी स्पीडला थरथरते.

सेट करायला नट क्रँकवर परत हाताने लावा आणि पाना घालून फिरवा, नेहमी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच. उलटं फिरवलंत तर खाली वॉटर पंपात रबराची पाती असतात, ती उलटी दुमडतात. चावी ज्या पॉइंटच्या ठोकळ्यासमोर येते तिथे तो पॉइंट पूर्ण उघडलेला असतो. तिथे थांबून ॲडजस्टिंग स्क्रू फिरवा, ०.०२० चं पातं किंचित अडकत जायला हवं, ढकलावं लागता कामा नये आणि ढिलं पण नको. मग अर्धा फेरा फिरवून दुसरा. लॉक स्क्रू आवळताना गॅप हमखास हलते, म्हणून आवळल्यावर परत मोजा. ठोकळा नवा असेल तर तो सुरुवातीला थोडा झिजतो, म्हणून बरेच जण नव्या पॉइंटला ०.०२२ ठेवतात, मला ते पटतं. कॅमवर तेल पोचवायला शेजारी नमद्याचा एक तुकडा असतो, त्याला तेलाचा एखादा थेंब पुरे. आणि कॅम काढलाच असेल तर त्याच्यावर टॉप असं लिहिलेली बाजू वर हवी. उलटा घातला की टायमिंगचा पार बोजवारा.

नवी कॉइल बसवताना दोन ठिकाणी गडबड होते. एक, कॉइलची अर्थ वायर. तिच्या टोकाची रिंग कॉइल धरणाऱ्या स्क्रूखालीच यायला हवी, ती राहून गेली की प्रायमरीचं सर्किटच पूर्ण होत नाही आणि सगळं नवं असून शून्य करंट. दुसरं, कॉइलच्या लोखंडी टाचा. ताटलीवर खाली मशीन केलेले उंचवटे आहेत, टाचांची बाहेरची कड त्या उंचवट्याच्या कडेशी बरोबर जुळली पाहिजे. स्क्रू ढिले ठेवा, बोट फिरवून पायरी लागत नाही ना बघा, मग आवळा. टाच बाहेर राहिली तर फिरतं चाक तिला घासतं, आत गेली तर चुंबक लांब पडतो आणि करंट अशक्त. चाकाच्या आत चमकदार ओरखडे दिसले तर आधीच्या कोणीतरी हे न बघता बसवलंय हे समजायचं.

प्लगच्या वायर जुन्या असतील तर त्याच वेळी बदला, ताटलीच्या भोकातून खाली जाताना त्या घासून सोलवटतात. ॲक्सिलरेटर फिरवला की ही ताटली पण फिरते, स्पीड वाढला की ठिणगी लवकर पडावी म्हणून. त्यामुळे वायरना थोडी ढील ठेवा, नाहीतर फुल थ्रॉटलला ताणल्या जातात. वायर आत तांब्याचीच घ्यायची, कारला असते ती कार्बनवाली चालत नाही, कारण कॉइलच्या भोकात एक टोकदार पिन असते, ती वायरीच्या तांब्यात घुसली तरच जोड होतो. कोणती वायर वरच्या सिलिंडरची ते काढतानाच चिकटपट्टीने लिहून ठेवा.

चाक परत बसवताना टेपर आतून-बाहेरून ॲसिटोनने पुसून कोरडा करा, ग्रीस-तेल अजिबात नको. चाक त्या टेपरच्या घट्ट पकडीवर टिकतं, चावीच्या जोरावर नाही. चावीची बाहेरची कड क्रँकच्या दांड्याला समांतर उभी हवी, टेपरच्या उताराप्रमाणे तिरकी नको. नट ५.५ आणि १० हॉर्सपॉवरच्या मोटरींना ४० ते ४५ फूट-पाउंडांनी, टॉर्क रेंचने. अंदाजाने आवळणारे खूप बघितलेत, आणि कातरलेल्या चाव्या पण तेवढ्याच.

आता परत टेस्टर लावून ६ मिमी. आली निळी ठिणगी की प्लग लावा आणि मोटर पाण्यात सुरू करा, कोरडी नाही, एकदाही नाही, कारण पंपाचं रबर पाण्याशिवाय लगेच जळतं. इथे लोक कचऱ्याचा मोठा प्लास्टिकचा ड्रम पाण्याने भरून त्यात मोटर लटकवतात, शेजारी पहिल्यांदा खिडकीतून बघतात, नंतर स्वतःची मोटर घेऊन येतात.

चालू झाली तरी लगेच झाकण लावू नका, वीस-पंचवीस मिनिटं चालू दे. जुन्या कॉइलचा एक प्रकार असा असतो की गार असताना झकास, तापली की आतलं बारीक तारेचं वेटोळं प्रसरण पावून कुठेतरी तुटतं किंवा शॉर्ट होतं, मोटर आधी एका सिलिंडरवर येते, मग मरते, आणि तासाभराने गार झाली की काही झालंच नाही अशी परत सुरू होते. लोक याला पेट्रोलचा प्रॉब्लेम समजून कार्ब्युरेटर उघडत बसतात. ओळखायला सोपं आहे, मोटर मरते न मरते तोच टेस्टर लावा आणि दोन्ही बाजू बघा. गरम असताना एका बाजूची ठिणगी गेली असेल तर त्या बाजूचा कंडेन्सर बदलून बघा, तो स्वस्त आहे, आणि तरी फरक नाही तर कॉइल.